अणुवैद्यकातील गॅलियम

अणुवैद्यकातील गॅलियम म्हणजे गॅलियम या मूलद्रव्याच्या किरणोत्सारी समस्थानिकांचा, प्रामुख्याने गॅलियम-६७ आणि गॅलियम-६८ यांचा, रोगनिदानासाठी केला जाणारा वापर. कर्करोगाच्या गाठी, त्यांचे शरीरात अन्यत्र झालेले प्रसरण, तसेच काही प्रकारचे जंतुसंसर्ग व दाह यांचे स्थान निश्चित करण्यासाठी ही समस्थानिके वापरली जातात. शरीरात गॅलियमला कोणतेही ज्ञात जैविक कार्य नाही. मात्र त्याचा आयन लोहाच्या आयनाशी इतका मिळताजुळता आहे की रक्तातील प्रथिने त्याला लोह समजून स्वीकारतात. या साम्याचा उपयोग करून घेणे आणि जेथे ते नको असेल तेथे त्याला आवर घालणे, या दोन गरजांतून या विषयाचे रसायनशास्त्र घडले आहे.

मूलद्रव्य आणि त्याचे समस्थानिक

गॅलियमचा अणुक्रमांक ३१ असून आवर्तसारणीत ते ॲल्युमिनियमच्या खाली येते. द्मित्री मेंडेलीव्ह यांनी १८७१ मध्ये 'एका-ॲल्युमिनियम' या नावाने त्याचे भाकीत केले आणि १८७५ मध्ये पॉल-एमिल लकॉक द ब्वाबोद्राँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने वर्णपटाच्या साहाय्याने ते शोधून काढले. त्याचा वितळबिंदू २९.७६ अंश सेल्सियस आहे. मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत हा धातू सावलीतही द्रवरूपच राहील. वैद्यकात मात्र धातुरूप गॅलियमचा थेट उपयोग नाही. तेथे सर्व व्यवहार पाण्यात विरघळलेल्या, तीन धनप्रभार असलेल्या आयनाशी असतो.

निसर्गात गॅलियम-६९ (सुमारे ६० टक्के) आणि गॅलियम-७१ (सुमारे ४० टक्के) हे दोन स्थिर समस्थानिक आढळतात. वैद्यकात लागणारे समस्थानिक कृत्रिमरीत्या तयार करावे लागतात. गॅलियम-६७ चे अर्धायुष्य ७८.३ तास असून ते इलेक्ट्रॉन ग्रहणाने क्षय पावते व मुख्यतः ९३, १८५ आणि ३०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण बाहेर टाकते. हे किरण साध्या गॅमा कॅमेऱ्याने किंवा स्पेक्ट यंत्राने टिपता येतात. गॅलियम-६८ चे अर्धायुष्य केवळ ६७.७ मिनिटे आहे. त्याचे सुमारे ८९ टक्के अणू पॉझिट्रॉन बाहेर टाकून क्षय पावतात. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना भेटून नष्ट होताना विरुद्ध दिशांना निघणारे ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन पेट स्कॅनर एकाच वेळी टिपतो व त्यावरून त्रिमितीय चित्र तयार करतो. गॅलियम-६८ च्या पॉझिट्रॉनची कमाल ऊर्जा सुमारे १.९० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, तर फ्लोरीन-१८ च्या पॉझिट्रॉनची सुमारे ०.६३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. त्यामुळे गॅलियमचा पॉझिट्रॉन नष्ट होण्यापूर्वी ऊतींमध्ये थोडे अधिक अंतर कापतो आणि चित्राची रेखीवता तत्त्वतः काहीशी कमी होते.

लोहाशी साम्य

गॅलियमच्या त्रिसंयुजी आयनाची त्रिज्या ६२ पिकोमीटर आहे. त्रिसंयुजी लोहाची (उच्च-चक्रण अवस्थेत) ६४.५ पिकोमीटर. दोघांचा प्रभार सारखा आणि दोघांचीही ओढ ऑक्सिजन व नायट्रोजन अणूंकडे. लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन हे रक्तातील प्रथिन या दोहोंत फारसा भेद करत नाही. शिरेत टोचलेले गॅलियम सायट्रेट रक्तात पोहोचताच सायट्रेटची सैल पकड सुटते आणि गॅलियम ट्रान्सफेरिनवर जाऊन बसते.

फरक एकच आहे, पण तो निर्णायक आहे. लोह द्विसंयुजी आणि त्रिसंयुजी अवस्थांमध्ये सहज ये-जा करते. हीमोग्लोबिनमध्ये सामावण्यासाठी त्याला द्विसंयुजी व्हावेच लागते. शरीरातील परिस्थितीत गॅलियमचे असे क्षपण होत नाही. म्हणून ते लोहाबरोबर प्रवास करते, पेशींच्या दारापर्यंत व आतही पोहोचते, परंतु तांबड्या पेशींच्या हीममध्ये त्याला जागा मिळत नाही. वेगाने वाढणाऱ्या पेशींना लोहाची गरज जास्त असते व त्यांच्या पृष्ठभागावर ट्रान्सफेरिनचे ग्राहीही जास्त असतात. जंतुसंसर्गाच्या ठिकाणी पांढऱ्या पेशी लॅक्टोफेरिन हे लोहबंधक प्रथिन सोडतात आणि जिवाणू स्वतः सिडेरोफोर नावाचे लोहपकड रेणू तयार करतात. ही सर्व ठिकाणे गॅलियमही ओढून घेतात आणि चित्रात उजळून दिसतात.

याच कारणामुळे तपासणीपूर्वी रुग्णाला वारंवार रक्त दिले गेले असेल किंवा शिरेतून लोह दिले असेल, तर गॅलियम सायट्रेटचे चित्र बिघडते. ट्रान्सफेरिनवरील जागा आधीच लोहाने भरलेल्या असतात. मग गॅलियम मूत्रपिंडांवाटे लवकर बाहेर पडते किंवा हाडांत जमा होते.

पाण्यातील वर्तन

गॅलियमचा आयन आम्लयुक्त द्रावणातच मोकळा राहतो. पीएच ३ च्या पुढे गेल्यावर तो पाण्याशी अभिक्रिया करून अविद्राव्य हायड्रॉक्साइड तयार करू लागतो. पीएच ७ च्या वर तेच हायड्रॉक्साइड पुन्हा विरघळून गॅलेट ऋणायन बनते. रक्ताचा पीएच सुमारे ७.४ असल्याने उघडा गॅलियम आयन टोचणे निरुपयोगी ठरते. त्याला आधी कशाने तरी धरून ठेवावे लागते. सायट्रेट, ॲसिटेट यांसारखे सौम्य बंधक हे काम तात्पुरते करतात. ते गॅलियमला अवक्षेपित होऊ देत नाहीत, पण बलवान बंधक समोर आला की त्याला सोडून देतात.

मात्रेचाही विचार येथे करावा लागतो. एक गिगाबेकेरेल गॅलियम-६८ मध्ये गॅलियमचे अवघे १० पिकोमोल, म्हणजे एका नॅनोग्रॅमपेक्षाही कमी द्रव्य असते. इतक्या अल्प द्रव्याशी काम करताना काचेच्या भांड्यातून किंवा आम्लातून आलेले लोह व जस्त संख्येने सहज वरचढ ठरतात आणि बंधक रेणूंवरील जागा बळकावतात. गॅलियम-६८ स्वतःच क्षय पावून जस्त-६८ मध्ये रूपांतरित होते, त्यामुळे जनित्र काही काळ न वापरता ठेवले तर त्यात जस्त साचत जाते. म्हणूनच सकाळच्या पहिल्या वापरापूर्वी जनित्र एकदा धुऊन घेण्याची शिस्त अनेक ठिकाणी पाळली जाते.

गॅलियम सायट्रेट

गॅलियमचा पहिला व्यापक वैद्यकीय वापर काहीसा अनपेक्षितपणे सुरू झाला. १९५० च्या दशकात गॅलियमच्या किरणोत्सारी समस्थानिकांकडे अस्थिचित्रणासाठी पाहिले जात होते. १९६९ मध्ये अमेरिकेतील ओक रिज येथे सी. एल. एडवर्ड्स आणि आर. एल. हेज हे गॅलियम-६७ सायट्रेटने हाडांचे चित्र मिळते का, हे पाहत असताना हॉजकिन रोगाच्या एका रुग्णाच्या लसीका ग्रंथींमध्ये ते साचलेले दिसले. या शोधामागे एक रासायनिक बारकावा होता. पूर्वीच्या प्रयोगांत किरणोत्सारी गॅलियमबरोबर बरेचसे स्थिर गॅलियमही असे; ते ट्रान्सफेरिनवरील जागा व्यापून टाकी आणि उरलेले गॅलियम हाडांत जाई. स्थिर गॅलियमची भेसळ नसलेले गॅलियम-६७ वापरल्यावरच ते गाठींकडे वळले.

त्यानंतरची दोन-तीन दशके लसीकार्बुदे, सारकॉइडोसिस, मणक्यांचा जंतुसंसर्ग आणि कारण न सापडणारा दीर्घ ताप यांच्या तपासणीत गॅलियम-६७ सायट्रेट वापरले गेले. औषध टोचल्यानंतर ४८ ते ७२ तास थांबावे लागणे, आतड्यात साचणाऱ्या गॅलियममुळे पोटाचे चित्र धूसर होणे आणि तुलनेने अधिक किरणमात्रा या त्याच्या उणिवा. फ्लोरीन-१८ युक्त ग्लुकोजसदृश औषधाची (एफडीजी) पेट तपासणी रुळल्यावर त्याचा वापर बराच घटला. गॅलियम-६७ सायक्लोट्रॉनमध्ये समृद्ध जस्त-६८ वर प्रोटॉनचा मारा करून तयार करतात.

स्थिर गॅलियमचे नायट्रेट हे कर्करोगामुळे रक्तातील कॅल्शियम वाढल्यास औषध म्हणूनही वापरले गेले आहे; तो या लेखाचा विषय नाही.

जर्मेनियम-गॅलियम जनित्र

६८ मिनिटांचे अर्धायुष्य असलेले द्रव्य दूरच्या कारखान्यातून मागवता येत नाही. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा या गावाचे उदाहरण घेऊ. पुण्याहून मोटारीने निघालेली गॅलियम-६८ ची कुपी साडेतीन तासांनी तेथे पोहोचली असे धरले, तर तीन अर्धायुष्ये उलटून मूळ किरणोत्साराच्या जेमतेम १२ टक्के शिल्लक असेल. मुंबईहून सात तास लागले तर दीड टक्क्याहूनही कमी. याच सात तासांत गॅलियम-६७ चा केवळ सहा टक्के ऱ्हास होतो. म्हणूनच गॅलियम-६७ बाहेरून मागवून वापरता येते, तर गॅलियम-६८ रुग्णालयातच तयार करावे लागते.

त्यासाठी त्याचे जनक मूलद्रव्य जर्मेनियम-६८ वापरतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे २७१ दिवस आहे. एका लहान स्तंभात जर्मेनियम-६८ घट्ट बसवलेले असते. त्याच्या क्षयातून गॅलियम-६८ सतत तयार होत राहते आणि सौम्य आम्ल सोडून ते हवे तेव्हा धुऊन घेता येते. प्रयोगशाळांच्या बोलीत अशा जनित्राला 'गाय' आणि या क्रियेला 'धार काढणे' म्हणण्याची पद्धत आहे. एकदा धार काढल्यावर ६८ मिनिटांत निम्मे आणि चार तासांत सुमारे ९१ टक्के गॅलियम पुन्हा जमते, त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा ती काढता येते. टेक्नेशियम-९९एम चे जनित्र त्यातील मोलिब्डेनम-९९ च्या ६६ तासांच्या अर्धायुष्यामुळे साधारण आठवड्याने बदलावे लागते. गॅलियमचे जनित्र वर्षाच्या आसपास चालते. ते महाग असले तरी सायक्लोट्रॉन नसलेल्या शहरातही पेट तपासणी त्यामुळे शक्य होते. जर्मेनियम-६८ बनवण्यासाठी सायक्लोट्रॉनमध्ये बहुधा स्थिर गॅलियम-६९ वरच प्रोटॉनचा मारा करतात. गॅलियमपासून जर्मेनियम आणि जर्मेनियमपासून पुन्हा गॅलियम, असा हा फेरा आहे.

स्तंभातील विलगीकरण दोन आयनांच्या भिन्न स्वभावावर चालते. सौम्य आम्लात जर्मेनियम प्रभारहीन हायड्रॉक्साइडच्या रूपात असते व टायटॅनियम डायऑक्साइड किंवा कथिलाचा ऑक्साइड यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहते. आम्लात तोच पृष्ठभाग धनप्रभारित असल्याने गॅलियमचा धनायन तेथे टिकत नाही. टायटॅनियम डायऑक्साइडच्या जनित्रात ०.१ मोलर, तर कथिलाच्या ऑक्साइडच्या जनित्रात सुमारे ०.६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. आम्ल जितके सौम्य, तितके पुढचे काम सोपे.

जनित्राची कल्पना १९६० च्या सुमारासच प्रत्यक्षात आली होती, तरी ते चिकित्सेत रुळायला चार दशके लागली. त्या काळातील जनित्रांतून गॅलियम ईडीटीएच्या द्रावणाने बाहेर काढीत. ते ईडीटीएच्या पकडीतच बाहेर येई आणि दुसरे कोणतेही औषध बनवायचे तर आधी ती पकड तोडावी लागे. त्यात जाणारा वेळ गॅलियम-६८ ला परवडणारा नव्हता. मोकळा आयन देणारी जनित्रे उपलब्ध झाल्यावरच या समस्थानिकाचे दिवस पालटले.

जनित्रातून गॅलियमबरोबर जर्मेनियमही थोडेसे झिरपते. २७१ दिवस टिकणारे हे द्रव्य रुग्णाच्या शरीरात जाऊ नये म्हणून युरोपीय औषधकोशाने त्याची मर्यादा ०.००१ टक्के ठरवली आहे. द्रावण संहत करून जर्मेनियम व धातूंची अशुद्धी काढण्यासाठी मुख्यतः दोन मार्ग आहेत. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात गॅलियम चार क्लोराइडांसह ऋणायन बनते व ऋणायन-विनिमयी रेझिनवर अडकते. मग ते थोड्याशा पाण्याने सोडवून घेतात. दुसऱ्या मार्गात धनायन-विनिमयी रेझिनवर गॅलियम पकडून ॲसिटोन व हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणाने ते उतरवतात.

कीलेटक

गॅलियम-६८ युक्त औषधाचे साधारणतः तीन भाग असतात: गाठीतील विशिष्ट ग्राहीला जाऊन चिकटणारे पेप्टाइड किंवा लहान रेणू, गॅलियमला चहूबाजूंनी पकडणारा कीलेटक आणि स्वतः गॅलियम. येथे ट्रान्सफेरिन हे वाहन राहत नाही, प्रतिस्पर्धी बनते. कीलेटकाने गॅलियम सोडले तर ते रक्तात ट्रान्सफेरिनवर जाऊन बसेल आणि चित्रात गाठीऐवजी रक्त व यकृत दिसेल.

गॅलियम सहा दात्या अणूंनी वेढलेली अष्टफलकीय रचना पसंत करते. बंधाचे बल स्थैर्य स्थिरांकाच्या लॉगरिदमने सांगतात. गॅलियमसाठी ट्रान्सफेरिनच्या पहिल्या जागेचा हा आकडा सुमारे २०, ईडीटीएचा सुमारे २१, नोटा या वलयी कीलेटकाचा सुमारे ३१, तर एचबेडचा सुमारे ३८ आहे. डोटा या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कीलेटकाचे आकडे मापनपद्धतीनुसार २१ ते २६ असे मिळाले आहेत. आकड्यांवरून डोटा आणि ईडीटीए फार दूर नाहीत. तरीही रक्तात ईडीटीए गॅलियम गमावते आणि डोटा राखते. याचे कारण गतिकीत आहे. ईडीटीए ही मोकळी साखळी आहे; तिचे एकेक टोक सुटत गेले की आयन निसटतो. डोटाच्या बंद वलयातून बाहेर पडण्यासाठी सर्व बंध जवळपास एकाच वेळी तुटावे लागतात. गॅलियमच्या एक-दोन तासांच्या उपयुक्त आयुष्यात ते घडत नाही.

बाहेर पडणे जसे अवघड, तसे आत शिरणेही. डोटाला गॅलियम पकडता यावे म्हणून मिश्रण पीएच ४ च्या आसपास ठेवून सुमारे ९५ अंशांवर काही मिनिटे तापवावे लागते. दर दहा मिनिटांना जवळपास दहा टक्के किरणोत्सार गमावला जातो, म्हणून तापवणे, शुद्ध करणे, गाळणे व तपासणे हे सर्व अर्ध्या तासाच्या आसपास उरकावे लागते. नोटाचे वलय लहान व गॅलियमच्या मापाचे असल्याने ते खोलीच्या तापमानालाही काम करते. एचबेड मुळात लोह पकडण्यासाठी अभ्यासला गेलेला कीलेटक आहे. त्यातील दोन फिनॉल गट, दोन नायट्रोजन व दोन कार्बॉक्सिल गट मिळून गॅलियमला न तापवता झटपट पकडतात. लोहाशी असलेले साम्य येथे औषध बनवणाऱ्याच्या बाजूने उभे राहते.

प्रमुख औषधे

चेता-अंतःस्रावी अर्बुदांच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राही मोठ्या संख्येने असतात. त्यांना चिकटणारी डोटाटेट, डोटाटॉक आणि डोटानॉक ही पेप्टाइडे गॅलियम-६८ ने चिन्हांकित करतात. डोटाटेटच्या संचाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये मान्यता दिली. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी पीएसएमए-११ हा एचबेडयुक्त रेणू जर्मनीतील हायडेलबर्ग येथे विकसित झाला आणि २०१२ पासून त्याची चित्रे प्रसिद्ध होऊ लागली. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेनंतर रक्तातील पीएसए वाढू लागले, पण सीटी स्कॅनमध्ये काहीच सापडत नाही, अशा रुग्णांत ही तपासणी विशेष उपयोगी पडते.

डोटामध्ये गॅलियमच्या जागी ल्युटेशियम-१७७ बसवले की तेच पेप्टाइड उपचाराचे औषध बनते. आधी गॅलियमने चित्र घ्यायचे, गाठी उजळल्या तरच ल्युटेशियम द्यायचे, असा क्रम त्यामुळे शक्य झाला. ल्युटेशियमचा आयन गॅलियमपेक्षा बराच मोठा असल्याने डोटातील त्याची रचना वेगळी असते व ग्राहीशी आसक्तीही थोडी बदलते. गॅलियमचे चित्र हे उपचाराच्या मात्रेचे अचूक मोजमाप मानता येत नाही, ते या कारणानेही.

महाराष्ट्रातील कार्य

मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण वैद्यक केंद्र १९६३ पासून कार्यरत आहे. भारतातील पहिला पेट स्कॅनर २००२ मध्ये तेथेच सुरू झाला. टाटा स्मारक रुग्णालयाच्या परिसरात असल्याने या केंद्राकडे राज्याच्या सर्व भागांतून कर्करोगाचे रुग्ण येतात. तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम-१७७ तयार होते. किरणोत्सारी द्रव्ये व औषधे पुरवणारे विकिरण व समस्थानिक प्रौद्योगिकी मंडळ (ब्रिट) नवी मुंबईत वाशी येथे आहे. अणुवैद्यक विभागांना परवाना देणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे मुख्यालयही मुंबईतच आहे.

भाभा केंद्रातील रुबेल चक्रवर्ती, आशुतोष दाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी जनित्राच्या रसायनात लक्षणीय भर घातली. त्यांनी सेरियम ऑक्साइडचे नॅनोकण बहुलकात गुंफून तयार केलेला शोषक २०१० मध्ये आणि झिर्कोनियम ऑक्साइडच्या नॅनोकणांचा शोषक त्यानंतर वर्षभरात प्रसिद्ध केला. नॅनोकणांचे पृष्ठफळ मोठे असल्याने ते जर्मेनियम अधिक घट्ट धरतात. गळती कमी आणि धार सौम्य आम्लात मिळत असल्याने शुद्धीकरणाची वेगळी पायरी टाळता येते. डोटाटेट, पीएसएमए-११ आणि जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी युबिक्विसिडिन पेप्टाइडचा तुकडा, यांचे शीतशुष्क संचही या केंद्रात विकसित झाले. संचाच्या कुपीत पेप्टाइड व बफर योग्य प्रमाणात आधीच भरलेले असते; त्यामुळे महागडे स्वयंचलित यंत्र नसलेल्या विभागालाही जनित्राच्या द्रावणातून औषध बनवता येते. भारतासारख्या देशात या संचांचे महत्त्व जनित्राइतकेच आहे.

ग्रामीण रुग्णांच्या दृष्टीने अंतराचा प्रश्न मात्र उरतोच. आष्टीच्या परिसरापासून तुलनेने जवळ असलेल्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय असून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तेथूनच सुरू झाली. गॅलियम-६८ च्या तपासणीसाठी रुग्णाला जनित्र आणि पेट स्कॅनर दोन्ही असलेल्या शहरात जावे लागते. औषध बनवताना उत्पन्न कमी आले किंवा ते गुणवत्ता चाचणीत नापास झाले, तर ते टाकून द्यावे लागते आणि पुढच्या धारेसाठी तीन-चार तास थांबावे लागते. शहरातील रुग्णासाठी ही गैरसोय असते. कड्याहून पहाटे निघालेल्या रुग्णासाठी तो मुक्कामाचा आणि आणखी एका दिवसाच्या बुडालेल्या मजुरीचा प्रश्न होतो. कीलेटकाची आणि शोषकाची निवड हा केवळ प्रयोगशाळेतील सोयीचा विषय नाही, तो या कारणाने.

तपासणी आणि सुरक्षितता

गॅलियम-६८ चे औषध शिरेतून दिल्यानंतर साधारण एका तासाने चित्रण होते. पेप्टाइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असल्याने औषधी परिणाम सहसा जाणवत नाहीत. सोमॅटोस्टॅटिनसदृश दीर्घकाळ काम करणारी इंजेक्शने चालू असतील, तर तपासणी पुढील इंजेक्शनच्या अगदी आधी ठरवण्याचा प्रघात आहे. हे वेळापत्रक उपचार करणारे डॉक्टर ठरवतात. किरणोत्सार लवकर विरतो. सात तासांचा परतीचा प्रवास करून रुग्ण घरी पोहोचेपर्यंत शरीरातील गॅलियमचा दीड टक्काही उरलेला नसतो आणि बारा तासांनंतर तो एका हजारांशापेक्षा कमी होतो. तरीही तपासणीच्या दिवशी लहान मुले व गरोदर स्त्रियांपासून काही तास अंतर ठेवण्यास सांगितले जाते. गॅलियम-६७ च्या बाबतीत काळजी अधिक दिवस घ्यावी लागते, कारण ते आठवड्यांच्या कालावधीत विरते व स्तन्यातही उतरते.

अलीकडच्या काळात जस्त-६८ च्या द्रावणावर सायक्लोट्रॉनमधील प्रोटॉनचा मारा करून गॅलियम-६८ थेट मिळवण्याची पद्धतही वापरात आली आहे. तिच्यातून जनित्रापेक्षा कितीतरी अधिक किरणोत्सार मिळतो आणि जर्मेनियमच्या गळतीचा प्रश्न उरत नाही. मात्र जस्त वेगळे काढावे लागते, शिवाय सोबत थोडे गॅलियम-६७ आणि गॅलियम-६६ तयार होते. पुरःस्थ ग्रंथीच्या तपासणीत फ्लोरीन-१८ युक्त औषधेही गॅलियमशी स्पर्धा करू लागली आहेत. ११० मिनिटांच्या अर्धायुष्यामुळे ती एका शहरातून दुसऱ्या शहरात रस्त्याने पाठवता येतात.